नेलपॉलिश सांडलंय? थांबा, रिमूव्हर खाली ठेवा!

एपिसोड ऐकायला वेळ नसेल किंवा गाडीत रेंज जात असेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, काय भो, मागच्या वेळी यूपीआय आणि आता नेलपॉलिश? पण ऐकून घ्या. लाकडी फर्निचरवर नेलपॉलिश सांडलं की त्या सांडण्याने जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट नुकसान पुढच्या दोन मिनिटांत आपण स्वतः करतो. कारण डोक्यात सरळ हिशोब असतो: नखावरचं नेलपॉलिश रिमूव्हरने निघतं, म्हणून टेबलावरचंही रिमूव्हरने निघेल. निघतं हो. फक्त त्याच्यासोबत टेबलाचं पॉलिशही निघतं.

हा विषय घेतला तो एका व्हॉइस मेसेजमुळे. भडगाव रोडच्या बाजूच्या एका ताईचा होता. धाकट्या बहिणीचं लग्न, घरात पाहुणे, आणि आजीच्या सागवानी ड्रेसिंग टेबलवर लाल नेलपॉलिशची बाटली उलटलेली. आजीला ते तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, आणि आजी आता नाहीत. मावशी म्हणे थिनर लाव, वहिनी म्हणे रिमूव्हर, कोणी म्हणे टूथपेस्ट घास. ताईंनी एक फार शहाणपणाचं काम केलं: कोणालाच काही करू दिलं नाही आणि आधी विचारलं. त्यांना जे सांगितलं ते पुढे येईलच. पण आधी हे समजून घेऊ की बाटलीत नेमकं काय असतं, कारण ते कळलं की अर्धे उपाय आपोआप बाद होतात.

साध्या नेलपॉलिशचा मुख्य घटक असतो नायट्रोसेल्युलोज. कापसात किंवा लाकडाच्या लगद्यात जे सेल्युलोज असतं, त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो. तो इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवतात, त्यात थोडं रेझिन, थोडा लवचिकपणा देणारा पदार्थ आणि रंगाची बारीक पूड घालतात. नखावर लावलं की द्रावक उडून जातो आणि मागे पातळ, चमकदार पापुद्रा राहतो. बस, एवढंच. तिथे कुठली नवी रासायनिक क्रिया होत नाही, फक्त ओलं होतं ते वाळतं. म्हणूनच पुन्हा द्रावक लावला की ते पुन्हा ओलं होतं. रिमूव्हर म्हणजे दुसरं काही नाही, हाच द्रावक किंवा त्याचा जास्त जोरदार भाऊ अ‍ॅसिटोन.

या नायट्रोसेल्युलोजचं खानदान मोठं आहे. याचाच जास्त नायट्रोजनवाला प्रकार म्हणजे गनकॉटन, स्फोटक. जुन्या सिनेमाची रीळंही याचीच. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' नायट्रेट फिल्मवरच चित्रित झाला होता, आणि 2003 साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आग लागली तेव्हा अशीच जुनी नायट्रेट रीळं जळून गेली. आणि 1923-24 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने गाड्यांसाठी याच पदार्थाचा झटपट वाळणारा रंग काढला, त्याचं नाव ड्यूको. आपल्याकडचे सुतार आणि इंटिरियरवाले अजूनही 'ड्यूको मारून देतो' म्हणतात ना, तो शब्द तिथून आला. तर गाडीचा रंग, सिनेमाचं रीळ आणि नेलपॉलिश ही एकाच घरातली भावंडं.

आता मुख्य मुद्दा. या घरातलं अजून एक भावंड तुमच्या फर्निचरवर बसलेलं असू शकतं. एनसी लॅकर नावाचं जे लाकडाचं पॉलिश मिळतं, त्यातलं एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच. म्हणजे टेबलाला एनसी लॅकर असेल तर डाग आणि टेबलाचं पॉलिश जवळपास एकाच पदार्थाचे. रिमूव्हरला बिचाऱ्याला कसं कळणार, यातला कोणता थर ठेवायचा आणि कोणता काढायचा? आमच्या भाषेत सांगायचं तर डिलीटची कमांड दिली, पण 'व्हेअर' लिहायचं राहिलं. सगळं टेबल साफ. इथे 'टेबल'वर दोन्ही अर्थांनी हसायला हरकत नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'डाग कसा काढू' हा नाही. पहिला प्रश्न 'माझ्या लाकडावर काय लावलेलं आहे' हा आहे.

आपल्या घरांत साधारण चार-पाच प्रकार सापडतात. आजी-आजोबांच्या काळातलं सागवानी कपाट, टेबल, पाळणा असेल तर बहुतेक वेळा फ्रेंच पॉलिश, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लावलेला. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीकसा किडा राळ सोडतो, ती गोळा करून, धुऊन, वितळवून चपडा होतो. जुन्या 78 च्या ग्रामोफोन तबकड्या याच लाखेच्या असायच्या. हे पॉलिश दिसायला सुंदर, ऊबदार, पण स्पिरिटचं कट्टर शत्रू. कोविडच्या काळात सॅनिटायझरची बाटली लाकडी टेबलावर ठेवून ज्यांच्याकडे पांढरे गोल उमटले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतरच्या काळातलं सुतारकाम असेल तर एनसी लॅकर किंवा मेलामाइन पॉलिश. अलीकडचं, शोरूममधलं किंवा चांगल्या कंत्राटदाराकडचं असेल तर पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन. आणि प्लायवर सनमायका चिकटवलेला असेल तर तो लाकडाचा प्रश्नच नाही, वरचा थर कागद आणि रेझिन दाबून केलेला कडक पत्रा आहे. गावाकडच्या धाब्याच्या घरातले सागवानी खांब, चौकटी यांना मात्र पुष्कळदा नुसतं तेल पाजलेलं असतं, वर पापुद्राच नसतो. तिथे नेलपॉलिश सरळ लाकडाच्या छिद्रांत उतरतं.

लाख आणि एनसी लॅकर का विरघळतात आणि पीयू का नाही? उन्हाळ्यात बाजेवर वाळवलेल्या शेवया डोळ्यांसमोर आणा. वाळल्यावर त्यांचा गुंता कडक होतो, पण एकमेकींना गाठ मारलेली नसते. पाण्यात टाकल्या की सुट्या. लाख आणि लॅकर हे असे. पीयू म्हणजे शेवया नाहीत, ती खाली असलेली बाज आहे. वाळताना त्यातले धागे एकमेकांना गाठी मारतात, जाळी विणली जाते. पाण्यात टाका, द्रावकात टाका, बाज सुटी होत नाही. फार तर फुगते, मऊ पडते. 'फार तर' म्हटलं, कारण अ‍ॅसिटोनचा बोळा दहा मिनिटं ठेवून दिला तर पीयूसुद्धा रुसतं. मेलामाइन पॉलिश यांच्या मध्ये कुठेतरी, पण पीयूच्या जवळ.

ओळखायचं कसं? टेस्टिंग कधीच प्रॉडक्शनवर करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून ड्रॉवरची खालची बाजू, पायाची मागची बाजू, आरशामागची पट्टी अशी जागा शोधा जिथे पॉलिश तेच आहे पण दिसत नाही. कान साफ करायच्या काडीला थोडं स्पिरिट लावा. स्पिरिट नसेल तर पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर चालेल, त्यात अल्कोहोलच असतं. मिनिटभर टेकवा. जागा चिकट झाली, काडीवर तांबूस-पिवळं आलं तर लाख. काही झालं नाही तर बाजूच्या जागी दुसऱ्या काडीने एक थेंब रिमूव्हर किंवा थिनर. आता चिकटलं तर एनसी लॅकर. तरीही ढिम्म, तर पीयू किंवा मेलामाइन. सनमायका ओळखायला काहीच लागत नाही: कडेला काळी-तपकिरी रेघ दिसते आणि लाकडाची नक्षी ठराविक अंतरावर पुन्हा तीच येते.

ही चाचणी करायला तीन मिनिटं लागतात. आणि ती तीन मिनिटं आपल्याकडे असतात, कारण वाळलेला डाग कुठे पळून जात नाही.

ओल्या डागाचं थोडं वेगळं आहे. बाटली आत्ता सांडली असेल तर पहिली गोष्ट, फडक्याने पुसू नका. पुसलं की रुपयाएवढा डाग ताटाएवढा होतो, आणि सागाच्या लाकडाला जी उघडी छिद्रं असतात त्यांत रंग रगडला जातो. जुनं एटीएम कार्ड घ्या, दुसऱ्या हातात दुसरं कार्ड, आणि कडेकडून मध्याकडे सरकवत जेवढं वरच्यावर उचलता येईल तेवढं उचला. सुपलीत कचरा भरतो तसं. पीयू किंवा सनमायका असल्याची खात्री असेल तर उरलेलं टिश्यूने टिपून घ्या, टिपायचं, घासायचं नाही. पण जुनं पॉलिश असेल, किंवा कोणतं आहे तेच माहीत नसेल, तर कार्डाने उचलल्यावर हात मागे घ्या. का? कारण ओल्या नेलपॉलिशमधल्या द्रावकाने खालचं पॉलिशही त्या क्षणी मऊ झालेलं असतं. मऊ झालेल्यावर हात फिरवला की ते ओरखडतं. सोडून दिलं तर द्रावक उडून जातो आणि दोन्ही थर पुन्हा कडक होतात. जाड थर असेल तर पूर्ण दिवस द्या. लग्नघरात ही वाट बघणंच सगळ्यात अवघड, कारण प्रत्येक येणारा पाहुणा एक उपाय घेऊन येतो. वर एखादं ताट पालथं घाला, कोणाचा हात जाणार नाही.

आता ताईंच्या टेबलाकडे येतो. आरशामागे स्पिरिटची काडी लावली, चिकटली. लाख. म्हणजे रिमूव्हर, थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर, सेंट, सगळं बाद. उरतो एकच रस्ता: रसायनाने नाही, हाताने काढायचं.

सकाळची गार वेळ निवडा. मे महिन्यात चाळीसगावात पारा चाळिशी ओलांडून जातो, आणि लाख उष्णतेने मऊ पडणारी वस्तू आहे. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत हे काम करायचं नाही. याच कारणाने हेअर ड्रायरही नाही. प्लास्टिकचं कार्ड जवळजवळ आडवं धरून डागाच्या कडेखाली सरकवायचं, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. नेलपॉलिशचा वाळलेला थेंब बऱ्याचदा टिकलीसारखा सुटून येतो, कारण गुळगुळीत पॉलिशवर त्याची पकड तेवढी घट्ट नसते. ब्लेड, चाकू, स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. कार्ड झिजलं तर दुसरी कड वापरा. आपल्याला डागापेक्षा कडक पण पॉलिशपेक्षा फार कडक नाही असं हत्यार हवंय.

वरचा जाड थर निघाला की खाली गुलाबी सावली राहते. तिच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात 1500 किंवा 2000 नंबरचा वॉटर पेपर मिळतो, त्याचा छोटा तुकडा खोडरबराला गुंडाळा आणि बेबी ऑइलचा एक थेंब टाका. पाणी वापरू नका, लाखेवर पाण्याने पांढुरकं धुकं येतं. फक्त डागावर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, चार-पाच हलके हात. मग पांढऱ्या सुती कापडाने पुसून कापड बघा. लाल-गुलाबी दिसतंय तोवर नेलपॉलिश निघतंय. कापडावर तांबूस-तपकिरी यायला लागलं की पॉलिश किंवा लाकडाचा रंग निघतोय. तिथे थांबा, डागाची किंचित छटा उरली असली तरीही. पुढचा प्रत्येक हात नुकसानीचा.

ताईंना हे करायला दोन सकाळी लागल्या. डाग गेला, पण त्या जागी पाच रुपयांच्या नाण्याएवढा मंद, बिनचमकेचा ठिपका राहिला. इथे लाखेचा मोठेपणा कळतो. लाख जशी सहज विरघळते, तशीच सहज दुरुस्तही होते. तुमच्या गावातल्या जुन्या पॉलिशवाल्याला बोलवा. तो चपडा आणि स्पिरिटचं पातळ मिश्रण मलमलच्या बोळ्याने त्या जागेवर फिरवतो, नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो आणि जोड दिसत नाही. फक्त सांगताना 'जेवढं गेलंय तेवढंच भरा' असं सांगा. नाहीतर सगळं घासून वर पीयू मारायचा आग्रह होतो, कारण आता तेच काम जास्त चालतं. साठ वर्षांनी लाखेला जो मधाळ रंग चढलेला असतो तो एकदा घासला की परत येत नाही. माझं मत विचाराल तर पूर्वजांच्या वस्तूला एखादा मंद ठिपका शोभतो, नवं चकचकीत पीयू शोभत नाही.

एनसी लॅकर असेल तरी रस्ता हाच, कार्ड आणि वॉटर पेपर. चमक आणायला गाड्यांच्या रंगासाठी मिळणारं रबिंग कंपाउंड मऊ कापडावर अगदी थोडं घेऊन फिरवा. वर सांगितलं ना, भावंडंच आहेत.

पीयूला थोडी मोकळीक आहे. आधी कार्डच. मग उरलेल्या छटेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाल्याकडे असतं ते, काडीला लावून टिपत टिपत. तेवढ्याने निघालं नाही तरच रिमूव्हर, तोही काडीच्या टोकावर, डागाच्या आतल्या आत, दोन-तीन सेकंद, आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून. बोळा भिजवून वरून ओतायचं नाही, कारण पातळ झालेला लाल रंग पसरून आजूबाजूला गुलाबी वर्तुळ तयार होतं आणि मग एका डागाचे दोन होतात. पीयू बिघडलं तर दुरुस्ती महाग पडते हेही लक्षात ठेवा. नवा थर जुन्यात विरघळत नाही, नुसता वर बसतो, त्यामुळे तुकडा दिसतो आणि शेवटी पूर्ण पृष्ठभाग घासून परत मारावा लागतो.

सनमायकावर रिमूव्हर बिनधास्त चालतो, पण कडा सांभाळा. फटीतून आत गेला तर चिकटवलेला डिंक सैल होऊ शकतो, आणि कडेची पट्टी पीव्हीसीची असेल तर ती मऊ पडते. पुण्या-मुंबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी खास: वॉर्डरोबचं दार आरशासारखं चकचकीत असेल तर ते अ‍ॅक्रिलिक असू शकतं. त्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंबसुद्धा कायमचा पांढरा डाग पाडतो, आणि मग डिपॉझिट विसरा.

'अ‍ॅसिटोन-फ्री' लिहिलेल्या रिमूव्हरबद्दल खूप जण विचारतात. त्यात बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट असतं. नखांना ते थोडं सौम्य असेल, पण लॅकरच्या दृष्टीने दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच. नेलपॉलिशमध्ये मुळात जो द्रावक असतो तोच तो.

रीलवरच्या उपायांपैकी टूथपेस्ट म्हणजे बारीक पूड असलेली पेस्ट. ती डाग विरघळवत नाही, फक्त सगळीकडे सारखी घासते, त्यामुळे डाग राहतो आणि चमक जाते. खाण्याचा सोडा तसाच. हेअरस्प्रे आणि सेंटमध्ये अल्कोहोल असतं, म्हणजे लाखेचा शत्रू. जुन्या डागावर नवं नेलपॉलिश लावून पुसायचं, हा उपाय नखावर भारी चालतो. टेबलावर म्हणजे परत द्रावकच ओतणं. भांड्याच्या तारेच्या घासणीबद्दल मी बोलणारच नाही.

जेल नेलपॉलिशची गोष्ट उलटी आहे, आणि हे पार्लरवाल्या मैत्रिणींनी नीट ऐका. ते हवेने वाळत नाही, यूव्ही दिव्याने घट्ट होतं. सांडलं तर आधी खिडकीचा पडदा ओढा, दिवा बंद करा. उजेडापासून दूर आहे तोवर ते ओलंच राहतं, शांतपणे टिपून घेता येतं. हातात मोजे घाला, न वाळलेलं जेल कातडीला लागून अ‍ॅलर्जी होऊ शकते. एकदा ऊन लागून घट्ट झालं की मग ते शेवया नाही, बाज.

आणि एक गोष्ट घाईघाईत सांगणार नाही. अ‍ॅसिटोन 56 अंशाला उकळतं, पण त्याची वाफ शून्याखाली 20 अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेटायला तयारच असतं. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. लग्नघरात देवघरात समई असते, उदबत्ती असते, मागे गॅसवर चहा असतो. काम करायचं तर खिडकी उघडी, दिवा-गॅस बंद, मुलं बाहेर, आणि वापरलेले बोळे उघड्यावर, सावलीत वाळवून मगच कचऱ्यात.

ताईंच्या टेबलावर आता काच टाकली आहे, खाली चार कोपऱ्यांना पारदर्शक रबरी टिकल्या लावून, म्हणजे काच थेट लाखेला चिकटत नाही आणि उकाड्यात मध्ये दमट हवा कोंडत नाही. काच चाळीसगावातच कापून मिळाली. ताईंचं म्हणणं, आता मेंदी, नेलपॉलिश, चहा काहीही सांडा.

पुढचा भाग याच्याशी थोडा जोडलेला आहे: मोबाइलच्या मागच्या काचेवर आणि कव्हरवर सॅनिटायझर चालतो का. तुमच्या फर्निचरवरच्या डागाचा फोटो पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण सोबत लपलेल्या जागेवरच्या काडीचाही फोटो पाठवा, नाहीतर मी आधी तोच मागणार. चला, भेटू.